जुन्या गोव्यात जपानी मुलांच्या मागावर : एका पायी सहलीचं परीक्षण

जुन्या गोव्यात फिरवणाऱ्या सहली पुष्कळ आहेत. बहुतेक सगळ्या एकाच क्रमाने जातात: बॉम जेझू, सी कॅथेड्रल, फोटो, शहाळं आणि दुपारच्या आत पणजी. सावंतवाडीहून निघणाऱ्या एका छोट्या गटाची ही सहल मात्र एकच धागा धरून चालते. सोळाव्या शतकात जपानहून युरोपच्या वाटेला लागलेली माणसं गोव्यात कुठे वावरली, कशासाठी अडकून पडली आणि इथून काय घेऊन गेली, एवढाच तिचा विषय. माणशी १,६०० रुपये, त्यात गाडी, नाश्ता, जेवण आणि एक लाकडी चकती. विषय कळलेल्या माणसांनी आखलेली सहल आहे आणि पैसे वसूल होतात. तरी तीन-चार ठिकाणी ती घसरते. कुठे आणि का, तेही खाली लिहिलं आहे, कारण या सगळ्या चुका दुरुस्त होण्यासारख्या आहेत.

आधी माणसं कोण ते पाहू. १५४८ च्या मार्चमध्ये कागोशिमाचा अंजिरो दोन जपानी सोबत्यांसह गोव्यात आला. त्याच वर्षी इथे त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तो पाउलो द सांता फे झाला. एप्रिल १५४९ मध्ये तो फ्रान्सिस झेवियरला घेऊन गोव्याहून निघाला आणि १५ ऑगस्टला दोघे कागोशिमाला उतरले. झेवियर परत आला तो १५५२ मध्ये, बरोबर बेर्नार्दो आणि मातेउस हे दोन जपानी तरुण होते. मातेउस गोव्यातच वारला. बेर्नार्दो पुढे गेला, १५५३ मध्ये लिस्बनला पोचला, रोम पाहून आला आणि १५५७ मध्ये पोर्तुगालमधल्या कोइंब्रा इथे वारला. युरोपात पाय ठेवलेला पहिला ज्ञात जपानी माणूस तो. आणि मग ती चार मुलं: मानसिओ इतो, मिगेल चिजिवा, ज्युलियाओ नाकाउरा, मार्तिन्यो हारा. जपानच्या क्यूशू बेटावरच्या ख्रिस्ती सरदारांच्या वतीने जेझुइट या ख्रिस्ती धर्मप्रचारक संघाचा पाहणीप्रमुख आलेस्सान्द्रो वालिन्यानो याने त्यांना पोपच्या भेटीला पाठवलं. निघताना ती जेमतेम तेरा-चौदा वर्षांची होती. फेब्रुवारी १५८२ ला नागासाकी सोडलं, जुलै १५९० ला परत आली.

आठ वर्षं पाच महिने. सहलीचं सगळं बळ या आकड्याची फोड करण्यात आहे, आणि ती फोड चकतीवर होते.

चकती साधारण वीतभर व्यासाची, आंब्याच्या लाकडाची, सावंतवाडीच्या कारागिरांकडून करून घेतलेली. एकात एक बसणारी तीन कडी, मधे पितळी स्क्रू. बाहेरच्या कड्यावर बारा महिने आणि त्यांच्याखाली पावसाची नक्षत्रं. मधल्या कड्यावर वारे: नैर्ऋत्येचा हिरवा, ईशान्येचा पिवळा, वारा फिरतो ते दिवस राखाडी. सगळ्यात आतलं कडं टप्प्यांचं. नागासाकी ते मकाव, मकाव ते मलाक्का, मलाक्का ते कोची, कोची ते लिस्बन, लिस्बन ते मोझांबिक, मोझांबिक ते गोवा आणि परतीचे टप्पे, अशा प्रत्येक टप्प्याला एक खाच. टप्पा निवडायचा, त्याची खाच योग्य रंगावर आणायची आणि बाहेरच्या कड्यावर महिने वाचायचे. त्या महिन्यांत जहाज सुटलं तर सुटलं, नाहीतर पुढच्या वर्षी.

कोकणातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय होडी पाण्यात जात नाही, हे ज्याने घरात ऐकलंय त्याला गोव्याचं बंदर जून ते ऑगस्ट का बंद असायचं ते लगेच उमगतं. पावसात मांडवीच्या मुखाशी वाळूचा बांध चढतो, वर नैर्ऋत्येचा वारा थेट किनाऱ्यावर लोटतो. शिडाचं जड जहाज तिथून आत येऊही शकत नाही आणि बाहेरही पडू शकत नाही.

आता चकती फिरवून मुलांचा प्रवास मांडा. नागासाकीहून फेब्रुवारीत निघाली, ईशान्येचा वारा संपता संपता, आणि मार्चमध्ये मकावला पोचली. मलाक्काकडे जायला पुन्हा ईशान्येचाच वारा हवा, तो हिवाळ्यात. म्हणून मकावला डिसेंबरअखेरपर्यंत मुक्काम, साडेनऊ महिने. जानेवारी १५८३ मध्ये मलाक्का. एप्रिलमध्ये कोची. तिथून पुढे पावसाळा. नोव्हेंबरमध्ये गोवा. युरोपची जहाजं मिरी भरून कोचीहून डिसेंबर-जानेवारीत सुटायची, म्हणजे दक्षिण आफ्रिकेचं टोक तिकडचा हिवाळा सुरू होण्याआधी ओलांडता यायचं. यांचं जहाज २० फेब्रुवारी १५८४ ला सुटलं. उशीरच झाला होता, पण निभावलं, आणि ऑगस्टमध्ये लिस्बन आलं. परतीला एप्रिल १५८६ मध्ये लिस्बन सोडलं. मोझांबिकला पोचेपर्यंत ऑगस्ट संपला. आफ्रिकेहून गोव्याकडे ढकलणारा नैर्ऋत्येचा वारा सप्टेंबरनंतर उरत नाही, म्हणून मोझांबिकला मार्च १५८७ पर्यंत बसून राहिली. २९ मे १५८७ ला गोवा. मकावकडे जायला एप्रिल गाठायला हवा होता, तो हुकला. मग एप्रिल १५८८ पर्यंत गोव्यातच. ऑगस्टमध्ये मकाव. आणि तिथे जवळजवळ दोन वर्षं, तेव्हा मात्र अडवणारा वारा नव्हता. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ मध्ये पाद्र्यांना देश सोडायचा हुकूम दिला होता, आणि परत आत शिरायचा मार्ग काढेपर्यंत तेवढा वेळ गेला.

बेरीज करा. युरोपात ही मुलं होती वीस महिने. एकट्या मकावात बत्तीस. दुसऱ्या खेपेला गोव्यात अकरा. दुसरा फिलीप, तेरावा ग्रेगरी, पाचवा सिक्स्तुस यांच्या दरबारातली त्यांची चित्रं सगळीकडे दिसतात. त्यांचं वाढीचं वय मात्र आशियातल्या बंदरांत वारा बघत गेलं. तेराव्या वर्षी निघालेला मुलगा विशीच्या पुढे जाऊन घरी पोचला. ही गोष्ट सहलीत कोणी भाषण करून सांगत नाही. चकती हातात देतात आणि प्रत्येकाला स्वतः फिरवायला लावतात. दहा-बारा वर्षांची मुलं ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात.

चकतीत एक बारीक चूक आहे. बाहेरच्या कड्यावर मृग ७ जूनला दाखवलाय, तो आजचा. नक्षत्रांचं वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा किंचित मोठं असल्यामुळे दर सत्तर-एकाहत्तर वर्षांनी मृग एकेक दिवस पुढे सरकतो. १५८७ मध्ये तो १ जूनच्या आसपास लागला असणार. म्हणजे २९ मेला आलेलं जहाज मृगाच्या दारात आलं होतं, आठवडाभर आधी नव्हे. पाऊस काही नक्षत्राबरोबर सरकला नाही, त्यामुळे वाऱ्याचे रंग बरोबर आहेत. नक्षत्रांच्या कड्यावर ‘आजच्या पंचांगाप्रमाणे’ एवढे दोन शब्द कोरले तरी भागेल.

सुरुवात सकाळी आठला माँते सांतो टेकडीवरच्या रोझरी चर्चपाशी होते आणि ही निवड अगदी योग्य. १५४० च्या दशकात बांधलेलं हे चर्च त्या मुलांनी पाहिलेलं असू शकतं अशा, आजही उभ्या असलेल्या मोजक्या इमारतींतलं आहे. अंजिरो गोव्यात आला तोही त्याच दशकात. गोल बुरुजासारखे कोपरे, दगडात कोरलेले दोरखंडाचे पीळ, किल्ला म्हणावा इतक्या जाड भिंती. समोर कठड्याशी उभं राहिलं की खाली मांडवी आणि पलीकडे दिवाडी बेट. जहाजाने यायचं तर कुठून यायचं, हे इथे नकाशाशिवाय कळतं. चकती इथेच वाटतात. पाऊण तास देतात, तो पुरतो.

उतरताना मात्र पहिली घसरण. टेकडीवरून नदीकाठी आल्यावर व्हाइसरॉयच्या कमानीखाली सगळ्यांना उभं करून ‘याच कमानीतून चारही मुलं शहरात शिरली’ असं सांगितलं जातं. ती कमान फ्रान्सिस्को द गामा व्हाइसरॉय असताना उभी राहिली, तो १५९७ मध्ये आला. मुलं त्याआधी नऊ वर्षं गोवा सोडून गेली होती. शिवाय आज दिसते ती १९५४ मध्ये पुन्हा बांधलेली. बॉम जेझूचं तेच. त्याचा पाया १५९४ मध्ये घातला, म्हणून तिथे मुलांनी प्रार्थना केली हे शक्य नाही. सी कॅथेड्रलचं बांधकाम १५६२ मध्ये सुरू झालं खरं, पण मुलांनी पाहिलं असेल ते परांच्यांचं, चुन्याच्या घाण्यांचं, अर्ध्या भिंतींचं काम. मुख्य भाग व्हायला १६१९ उजाडलं. जुन्या गोव्यातली बहुतेक नजरेत भरणारी वास्तू मुलांनंतरची आहे. हे लपवायची गरजच नाही. उलट ‘यांपैकी काय काय तेव्हा नव्हतं?’ हा प्रश्न कमानीखाली विचारला तर लोक जास्त लक्ष देऊन बघतील.

खरं ठिकाण पुढे आहे, आणि तिथे कोणी जात नाही. गांधी चौकातून फोंड्याच्या बाजूने चालत गेलं की रस्त्याच्या कडेला एकच भिंत उभी दिसते. जांभ्या दगडाची, मधे कमान, दोन्ही अंगांना काळ्या दगडाचे खांब, वर कोनाडा आणि क्रूस. सेंट पॉल कॉलेजचं हे उरलेलं दार. मागे काहीच नाही, गवत आणि झाडं. एकोणिसाव्या शतकात बाकी सगळं पाडून दगड नेले.

इथे थांबावं तितकं थोडं. इथल्या चर्चचं समर्पण १५४३ मध्ये झालं. भारतात छापखाना पहिल्यांदा चालला तो या कॉलेजात, १५५६ मध्ये. झेवियरचा देह १५५४ पासून इथे होता, बॉम जेझूत तो १६२४ ला गेला. मुलांनी त्याचं दर्शन घेतलं असेल तर ते इथे. आणि ४ जून १५८७ ला, गोव्यात पोचून आठवडाही झाला नव्हता तेव्हा, मार्तिन्यो हाराने या कॉलेजात वालिन्यानोच्या सन्मानार्थ लॅटिनमध्ये भाषण केलं. पुढच्या वर्षी ते गोव्यातच छापलं गेलं. छापणारा कोन्स्तान्तिनो दोरादो, मुलांबरोबर गेलेला जपानी तरुण, छपाई लिस्बनमध्ये शिकून आलेला. जपानी माणसाने लॅटिनमध्ये बोललेलं, जपानी माणसाने जुळारी, म्हणजे छपाईची अक्षरं जुळवणारा, होऊन गोव्यात छापलेलं. तेच यंत्र पुढे जपानला गेलं आणि तिथे धातूच्या खिळ्यांची, म्हणजे सुट्या अक्षरांच्या ठशांची, युरोपीय छपाई त्याने सुरू झाली.

सहलीने इथे एक सुंदर गोष्ट केली आहे. दारासमोर खिळ्यांचा एक लहान लाकडी चौकट-संच मांडतात, मावळत्या छापखान्यातून मिळवलेले शिशाचे खिळे. प्रत्येकाने आपलं नाव उलटं जुळवायचं, शाईचा बोळा फिरवायचा, वर ओलसर कागद दाबायचा. कागद कोरडा असेल तर अक्षरं तुटक उठतात, जास्त ओला असेल तर शाई पसरते. फडक्यात गुंडाळून अर्धा तास ठेवलेला कागद बरोबर बसतो. एप्रिल-मेच्या दमट हवेत शाई वाळत नाही, म्हणून छापलेला कागद लगेच घडी करू नये, दोरीवर अडकवावा. देवनागरीचे खिळे जोडाक्षरांसकट ठेवले आहेत, त्यामुळे ‘श्रीकृष्ण’ किंवा ‘प्रज्ञा’ नावाच्या माणसाला पाच मिनिटं जास्त लागतात आणि जुळाऱ्याच्या कामाचा अंदाज नीट येतो.

दारापासून जवळच झेवियरची विहीर आणि छोटं कपेल आहे, तेही त्या कॉलेजच्या आवारातलं. मार्गदर्शक तिथे दोन मिनिटांत उरकतो, ते ठीक.

याच जागी एक गोष्ट सांगायला हवी होती, ती कुठेच येत नाही. गोव्यात आलेले सगळे जपानी राजदूत किंवा विद्यार्थी नव्हते. पोर्तुगीज व्यापारी जपानहून माणसं विकत घेऊन मकाव, मलाक्का, गोव्यापर्यंत आणत होते. १५७० च्या सुमारास पोर्तुगालच्या राजाने जपान्यांना गुलाम करण्यावर बंदी घातली, तरी व्यवहार थांबला नाही. मुलांच्या प्रवासावर १५९० मध्ये मकावला जे लॅटिन संवादरूप पुस्तक छापलं गेलं, त्यातही परदेशी विकल्या गेलेल्या आपल्या देशबांधवांबद्दलची खंत आहे. रेशमी कपड्यांत मिरवलेली चार मुलं आणि त्याच बंदरात ओझी वाहणारे त्यांच्याच भाषेचे लोक, हे दोन्ही एकत्र दाखवल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. पाच मिनिटं लागतील. चौकाजवळच्या सावलीत सांगता येईल. आयोजकांनी हे मनावर घ्यावं ही कळकळीची विनंती.

आणखी एक राहून गेलेला धागा मराठी माणसाच्या जिव्हाळ्याचा आहे. मुलं गोव्यात होती त्या वर्षांत, मराठीत ओव्या रचणारे फादर थॉमस स्टीफन्स दक्षिण गोव्यातल्या साष्टीत होते; गोव्यात ते १५७९ मध्ये आले. आणि उलट दिशेने गेलेला कोकणी माणूसही आहे: वसईचा गोन्सालो गार्सिया. तो जपानमध्ये व्यापार करून मग फ्रान्सिस्कन संघाचा धर्मबंधू झाला आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला क्रूसावर चढवला गेला. उत्तर कोकणातून येणाऱ्या गटांना तरी त्याचं नाव सांगावं.

वाटताना देतात त्या घडीच्या नकाशाबद्दल. कागद चांगला, प्लॅस्टिकचा लेप आहे, घामाने खराब होत नाही. पण गोव्याहून लिस्बनची रेघ तांबड्या समुद्रातून भूमध्य समुद्रात गेली आहे. सुएझचा कालवा १८६९ चा. मुलं आफ्रिकेला वळसा घालून, सेंट हेलेनाला थांबून गेली. ज्या सहलीचा सगळा जीव वाऱ्याच्या हिशेबात आहे, तिच्या नकाशावर ही चूक शोभत नाही. चकती हातात असलेलं कुठलंही हुशार मूल ती पकडेल. त्याच नकाशावर हासेकुरा त्सुनेनागा या जपानी दूताचं चित्र आहे आणि खाली लिहिलंय ‘गोव्यामार्गे’. हासेकुरा १६१३ मध्ये निघाला तो पूर्वेला, पॅसिफिक ओलांडून अकापुल्कोला, तिथून मेक्सिको पार करून स्पेन आणि रोमला. तो गोव्यात आलाच नाही. त्याच्या जागी पीटर किबे हवा. तो मकावहून गोव्याला आला, इथून होर्मुझ, बगदाद, जेरुसलेम अशा खुष्कीच्या वाटेने रोमला पोचला आणि १६२० मध्ये तिथे त्याला पाद्रीपद मिळालं. गोव्यातून अशा वाटेने युरोपला गेलेला जपानी! सहलीला याहून चांगला माणूस कुठे मिळेल?

दुपारचं जेवण साधं आणि चांगलं: उकड्या तांदळाचा भात, हुमण, सोलकढी, शाकाहारी असाल तर खतखतं. जेवणानंतर दोन वाट्या येतात. एकीत आपला काटेहलवा, दुसरीत जपानचे कोनपेइतो. डोळे मिटून हाताने चाचपले तर वेगळे ओळखणं अवघड. कोनपेइतो हे पोर्तुगीज ‘कोन्फेइतो’वरून आलेलं नाव, १५६९ मध्ये लुईस फ्रोइस या पाद्र्याने ओदा नोबुनागा या जपानी सरदाराला काचेच्या बरणीत ते भेट दिले होते. आपल्या हलव्याशी त्यांचं नातं काय ते सांगायचा दावा इथे कोणी करत नाही, तेच बरं. कृती मात्र सारखी आणि ती करून दाखवतात.

परातीत खसखस किंवा तीळ, खाली अगदी मंद निखारा. पातळ पाक एकेक चमचा सोडायचा आणि बोटांनी सतत हलवायचं. एक थर कोरडा झाल्याशिवाय दुसरा चमचा नाही. पाक घट्ट झाला की दाणे एकमेकांना चिकटून गोळे होतात. आच वाढली की साखर पिवळी पडते आणि काटा बसत नाही. ढगाळ हवा असली की थर वाळतच नाही, म्हणून हलवा थंडीतल्या कोरड्या दिवसांत करायचा. घरचा हलवा तीन-चार दिवस घेतो. कोनपेइतोला तिरक्या फिरत्या कढईत एक ते दोन आठवडे लागतात. सहलीत पूर्ण होणं शक्यच नाही, म्हणून पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाचे दाणे वेगवेगळ्या डब्यांत तयार ठेवतात. काटा तिसऱ्या दिवशी कसा डोकं वर काढतो ते भिंगातून दिसतं. नाव जुळवण्याइतकाच हा भाग लोकांना आवडतो. पोरांनी डबे उघडे टाकले तर दाणे पंधरा मिनिटांत ओलावतात, तेवढं सांभाळा.

जेवताना पाव समोर आला तेव्हा सांगितलेली एक छोटी गोष्ट: आपला पाव आणि जपानी ‘पान’ एकाच पोर्तुगीज शब्दाचे. तेवढं पुरे होतं. त्यानंतर आलेली वीसेक शब्दांची यादी लांबते, जेवणानंतर माणसं पेंगतात.

दुपारी पुरातत्त्व संग्रहालय. वरच्या मजल्यावर व्हाइसरॉयांच्या तसबिरींचं दालन आहे, तिथे दुआर्ते द मेनेझेसच्या नावापाशी थांबून त्या पत्राची गोष्ट सांगतात. एप्रिल १५८८ मध्ये, मुलं गोवा सोडत होती तेव्हा, या व्हाइसरॉयने हिदेयोशीला चर्मपत्रावर एक पत्र लिहिलं. पाद्र्यांना बंदी होती, म्हणून वालिन्यानो व्हाइसरॉयचा वकील होऊन जपानमध्ये शिरला आणि मार्च १५९१ मध्ये क्योतोला मुलांना बरोबर घेऊन ते पत्र त्याने हिदेयोशीच्या हाती दिलं. गोव्यात लिहिलेलं ते पत्र आज क्योतोच्या म्योहो-इन मंदिराकडे आहे आणि जपानने त्याला राष्ट्रीय ठेवा मानलं आहे. सहलीतला हा सगळ्यात चांगला सांगितलेला प्रसंग. पत्राची मूळ मापाची रंगीत प्रत मार्गदर्शकाने पिशवीतून काढून जमिनीवर पसरली की सगळे खाली बसतात. पुढे मुलांचं काय झालं तेही इथेच सांगतात, थोडक्यात आणि न रंगवता. मानसिओ १६१२ ला नागासाकीत वारला. मिगेलने धर्म सोडला. मार्तिन्यो हद्दपार होऊन १६२९ ला मकावात वारला. ज्युलियाओला १६३३ मध्ये नागासाकीत खड्ड्यात उलटं टांगून मारलं. १६३५ पासून जपान्यांना परदेशी जायलाच बंदी झाली.

आता व्यवहाराचं. गाडी सावंतवाडीहून सकाळी सहाला सुटते, बांद्याला चढता येतं. ६०-६५ किलोमीटरला पावणेदोन तास धरा. रेल्वेने येणाऱ्यांनी करमळीला उतरावं, तिथून रिक्षाने काही मिनिटांत टेकडीशी पोचता येतं आणि आयोजक त्यांना २०० रुपये कमी लावतात. चालणं दिवसभरात पाच किलोमीटरच्या आत, पण टेकडीची उतरण जांभ्याची आहे आणि पहिल्या पावसानंतर तिच्यावर शेवाळ धरतं. चपला नकोत, तळाला खाचा असलेले बूट घाला. खांदे आणि गुडघे झाकलेले कपडे हवेत, नाहीतर चर्चच्या दारातून परत पाठवतात. शुक्रवारी संग्रहालय बंद असतं. शुक्रवारची सहल घेतली तर पत्राचा भाग बाहेर वऱ्हांड्यात उरकतात आणि त्यात अर्धी मजा जाते. रविवारी सकाळी मिस्सा चालू असते, आत बोलता येत नाही. २४ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर झेवियरच्या नोव्हेना आणि फेस्ताची गर्दी असते, तेव्हा गाडी लावायलाच तास जातो. माणशी दोन लिटर पाणी घ्या. सेंट पॉलच्या दारापाशी दुकान नाही आणि सावलीही जेमतेम. स्वच्छतागृह चौकाजवळ आणि संग्रहालयात, मधे नाही.

गट दहा जणांचा असं सांगतात, सुट्टीच्या दिवसांत तो सोळावर जातो. सोळा झाले की खिळे जुळवायला रांग लागते आणि नदीकाठचा वेळ कापला जातो. नाव नोंदवताना आकडा विचारून घ्या. जमत असेल तर मेच्या शेवटच्या आठवड्यातली सहल धरा. उकाडा सोसावा लागतो, पण रोझरी चर्चच्या कठड्यावरून समुद्राकडे ढग जमताना दिसतात आणि २९ मेला आत आलेलं ते जहाज किती थोडक्यात वाचलं ते चकती न फिरवताही कळतं.

चकती घरी नेल्यावर पावसाळ्यात फुगते. आंब्याचं लाकूड ओलावा पितं, आतली दोन कडी अडकतात, आणि जोर लावून फिरवली की खाचेपाशी चीर जाते. स्क्रू अर्धा फेरा सैल करून ठेवा आणि कडेला मेण चोळा. तरीही अडकली तर श्रावण संपेपर्यंत तिला हात लावू नका, कोरडी हवा आली की आपोआप सुटते. नवी हवी असेल तर २५० रुपयांना वेगळी मिळते.